फुप्फुसात म्युकर, पोटात पत्नीची किडनी: एका प्रत्यारोपण-रुग्णाचं प्रकरण

रुग्ण ४३ वर्षांचा. नाशिक जिल्ह्यात कांद्याची शेती, घरामागे कांदा साठवायच्या दोन चाळी. रक्तदाबाकडे वर्षानुवर्षं दुर्लक्ष होऊन दोन्ही किडन्या गेल्या, दीड वर्ष डायलिसिसवर काढलं आणि मग पत्नीची किडनी बसली. कुणाची ओळख पटू नये म्हणून एकापेक्षा जास्त रुग्णांचे तपशील इथे एकत्र गुंफले आहेत. तेव्हा हे प्रकरण प्रातिनिधिक समजून वाचावं.

प्रत्यारोपणाच्या वेळी एटीजी हे प्रतिकारशक्ती जोरात दाबणारं इंजेक्शन दिलं होतं. त्यानंतर शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून प्रतिकार दाबणारी नेहमीची तिकडी: टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन हे स्टेरॉइड. पाचव्या महिन्यात साखर वाढली. टॅक्रोलिमस आणि स्टेरॉइड एकत्र चालू असलं की हे बऱ्याच जणांना होतं. आठव्या महिन्यात क्रिएटिनिन (किडनीचं काम मंदावलं की रक्तात वाढणारा आकडा) १.३ वरून २.१ वर गेलं, बायोप्सीत रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणं, दिसलं, मेथिलप्रेडनिसोलोन या स्टेरॉइडचे ५०० मिलिग्रॅमचे तीन डोस दिले आणि क्रिएटिनिन १.४ वर येऊन थांबलं. किडनी वाचली. पण एटीजी, नवा मधुमेह आणि वर स्टेरॉइडचा मारा म्हणजे बुरशीला दार उघडं करून देणारी परिस्थिती.

दहाव्या महिन्यात, भर पावसाळ्यात, हे गृहस्थ चाळीत कांदा निवडायला बसले. उन्हाळी कांदा चाळीत भरला की पावसाळ्यात त्यातला सडका वेगळा काढावा लागतो, नाहीतर शेजारचाही जातो. सडक्या कांद्यावरची काळी पूड ॲस्परजिलस नायजर या बुरशीची असते आणि मऊ पडून पाणी सुटलेल्या कांद्यात ऱ्हायझोपस ही म्युकर गटातली बुरशी सापडते. त्यांच्या फुप्फुसातले बीजाणू तिथूनच आले असं छातीठोकपणे कुणी म्हणू नये, कारण हे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात. पण 'गर्दीत जाऊ नका, बाहेरचं खाऊ नका' हे सांगताना शेतकऱ्याला चाळीबद्दल, शेणखताबद्दल, धान्य पाखडण्याबद्दल मुद्दाम विचारायला हवं. आपल्याकडचे डिस्चार्जचे छापील कागद शहरातल्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात.

आधी टीबी

ताप, कोरडा खोकला, उजव्या बाजूला छातीत कळ. तालुक्याच्या ठिकाणी एक्स-रे काढला, उजव्या वरच्या भागात सावली दिसली आणि टीबीची औषधं सुरू झाली, रिफॅम्पिसिनसकट. याला मी घाईचा निर्णय म्हणणार नाही. आपल्या देशात प्रतिकारशक्ती कमी असलेल्या माणसाच्या फुप्फुसाच्या वरच्या भागात सावली दिसली तर पहिला संशय टीबीचाच येतो, आणि बहुतेक वेळा तो बरोबरही असतो. अडचण औषधांच्या निवडीत होती. रिफॅम्पिसिन हे यकृत आणि आतड्यातल्या सीवायपी३ए४ या विकराला (औषधं मोडून टाकणाऱ्या प्रथिनाला) जोरात कामाला जुंपतं. टॅक्रोलिमसचा निचरा हाच विकर करतो, त्यामुळे त्याची रक्तातली पातळी घसरते. म्हणून प्रत्यारोपण झालेल्यांना टीबी झाला तर आपल्याकडे बरेच नेफ्रॉलॉजिस्ट रिफॅम्पिसिन टाळून लेव्होफ्लॉक्सॅसिनसारख्या औषधांवर कोर्स बसवतात.

औषधं सुरू होऊन नऊ दिवस झाले तरी ताप हटला नाही. थुंकीत रक्ताच्या रेषा दिसल्या आणि मग ते आमच्याकडे आले. ताप १०१, ऑक्सिजन ९३ टक्के, साखर ३१२, बायकार्बोनेट १७ (रक्तात आम्ल साठल्याची खूण), क्रिएटिनिन १.८. टॅक्रोलिमसची लेव्हल, म्हणजे रक्तातली पातळी, २.९. एरवी ती ७ च्या आसपास असायची. सकाळी ३ आणि संध्याकाळी ३ मिलिग्रॅम हा डोस बदललेला नव्हता, एकही गोळी चुकलेली नव्हती. पत्नीने वहीच पुढे केली. तारीख, वेळ, गोळी, साखर, रक्तदाब, सगळं निळ्या पेनाने, आणि लेव्हलचे आकडे लाल पेनाने. पुढचे आठ महिने आम्ही या वहीवर विसंबून राहिलो.

सीटीमध्ये उजव्या वरच्या खंडात साडेचार सेंटिमीटरचा डाग. मध्ये काचेवर वाफ धरल्यासारखं धूसर, भोवती दाट पांढरं कडं. याला उलटं वलय म्हणतात. ॲस्परजिलसमध्ये बहुधा याच्या बरोबर उलट चित्र दिसतं: मध्ये घट्ट गाठ, भोवती धूसर वलय. उलटं वलय टीबीतही दिसू शकतं, त्यामुळे केवळ त्यावर निदान होत नाही. पण प्रत्यारोपण झालेला मधुमेही, नुकतंच दिलेलं स्टेरॉइड, थुंकीत रक्त आणि हे वलय एवढं जुळल्यावर म्युकरचा विचार पहिल्या दिवशीच करावा लागतो.

रक्तातला गॅलॅक्टोमॅनन नकारात्मक आला. हा अहवाल बघून 'बुरशी नाही' असा निष्कर्ष काढणारे अजून भेटतात. गॅलॅक्टोमॅनन ही ॲस्परजिलसच्या पेशीभित्तिकेची खूण आहे. म्युकर गटाच्या बुरशीत ती नसतेच, आणि बीटा-डी-ग्लुकानच्या तपासणीतही हा गट निसटतो. त्यामुळे लक्षणं आणि सीटी बुरशीकडे बोट दाखवत असताना या तपासण्या नकारात्मक आल्या तर म्युकरबद्दलचा संशय उलट वाढायला हवा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ब्रॉन्कोस्कोपी, म्हणजे श्वासनलिकेत दुर्बीण घालून तपासणी. उजव्या वरच्या श्वासनलिकेच्या तोंडाशी राखाडी-काळा, मेलेला थर. तिथला तुकडा आणि धुवण प्रयोगशाळेत पाठवताना चिठ्ठीवर ठळक अक्षरात लिहिलं, 'म्युकरचा संशय. नमुना कुटू नये, बारीक चिरावा.' हे लिहावंच लागतं. म्युकरच्या धाग्यांना आडव्या भिंती जवळजवळ नसतात, त्यामुळे ऊतक खलात घोटलं की धागा फाटतो, आतलं सगळं वाहून जातं आणि प्लेटवर काहीच उगवत नाही. सूक्ष्मदर्शकाखाली बुरशी दिसते पण कल्चर कोरं येतं, याचं हे एक नेहमीचं कारण.

दुपारी सूक्ष्मजीवशास्त्र विभागातून फोन आला. केओएच आणि कॅल्कोफ्लोअर या बुरशी उठून दिसावी म्हणून वापरायच्या द्रावणांखाली रुंद, फितीसारखे, काटकोनात फुटणारे धागे. टीबीची सीबीनॅट तपासणी नकारात्मक, सीएमव्ही या विषाणूचीही नकारात्मक. टीबीची औषधं त्याच दिवशी थांबवली. पुढे कल्चरमध्ये ऱ्हायझोपस आलं आणि बायोप्सीत बुरशी रक्तवाहिनीच्या भिंतीत शिरलेली दिसली. नाकाचा आणि मेंदूचा स्कॅन स्वच्छ होता.

२०२१ च्या दुसऱ्या लाटेनंतर म्युकर हे नाव महाराष्ट्रात घराघरांत पोचलं, पण ते नाक, डोळा आणि जबड्याच्या आजाराचं नाव म्हणून. 'डोळ्याला तर काही झालेलं नाही, मग म्युकर कसा?' हा रुग्णाच्या भावाचा पहिला प्रश्न होता. प्रत्यारोपणाच्या रुग्णांत तो फुप्फुसात बसणं अजिबात नवलाचं नाही. अमेरिकेत २००१ ते २००६ या काळात २३ केंद्रांतल्या अवयव-प्रत्यारोपणाच्या रुग्णांची मोठी पाहणी झाली. त्यात आक्रमक बुरशी-संसर्गाचं वर्षभरातलं प्रमाण एकूण ३.१ टक्के होतं. किडनीच्या रुग्णांत १.३, फुप्फुसाच्या ८.६ आणि लहान आतड्याच्या ११.६ टक्के. तिथे निम्म्याहून जास्त संसर्ग कॅन्डिडाचे होते, त्याखालोखाल ॲस्परजिलस, आणि म्युकर बराच खाली. आपल्याकडच्या वॉर्डात हा क्रम डोळे झाकून लावता येत नाही. मधुमेह एवढा पसरलेल्या देशात म्युकरला वरची जागा मिळते.

सहा वायल

ॲम्फोटेरिसिन हे म्युकरवरचं औषध ब्रॉन्कोस्कोपीच्या आदल्या संध्याकाळीच सुरू केलं होतं. रक्ताच्या कर्करोगाच्या रुग्णांवरचा २००८ चा एक अभ्यास या बाबतीत वारंवार सांगितला जातो: म्युकरमध्ये ॲम्फोटेरिसिन सहा दिवस किंवा त्याहून उशिरा सुरू झालं तर बारा आठवड्यांतला मृत्युदर सुमारे ४९ टक्क्यांवरून ८३ टक्क्यांवर गेला. टीबीच्या औषधांत आमच्या रुग्णाचे नऊ दिवस आधीच गेले होते. कल्चरची वाट बघण्याइतकी सवड उरली नव्हती.

व्होरिकोनाझोल सोपं पडलं असतं, गोळीच्या रूपात मिळतं आणि ॲस्परजिलसवर पहिल्या पसंतीचं आहे. म्युकरवर ते चालत नाही. साधं ॲम्फोटेरिसिन स्वस्त आहे, पण एकाच किडनीवर जगणाऱ्या माणसाला ते देणं म्हणजे ती किडनी पणाला लावणं. राहिलं लायपोसोमल, म्हणजे चरबीच्या अतिसूक्ष्म गोळ्यांत बसवलेलं, किडनीला कमी दुखवणारं ॲम्फोटेरिसिन. वजन ५८ किलो, किलोमागे रोज ५ मिलिग्रॅम, म्हणजे २९० मिलिग्रॅम. ५० मिलिग्रॅमच्या सहा वायल (औषधाच्या छोट्या बाटल्या), दररोज.

खर्चाचा विषय इथे टाळता येत नाही. सहा वायल गुणिले आठवडे हा हिशेब ऐकून भावाने एका चाळीतला कांदा त्या आठवड्याच्या दराने काढून टाकला. महाराष्ट्रातल्या वाचकांना कदाचित ठाऊक नसेल, पण हे औषध भारतीय रुग्णांच्या आवाक्यात यावं म्हणून मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. नीलिमा क्षीरसागर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लायपोसोमल ॲम्फोटेरिसिनवर दीर्घकाळ काम केलं. त्यातून आलेलं देशी औषध वापरण्याआधी सोनिकेटर या ध्वनिलहरींच्या यंत्रात ठेवून तयार करावं लागतं. आम्ही वापरलेलं दुसऱ्या प्रकारचं, पुडीचं होतं.

या पुडीचं एक तंत्र आहे आणि ते रात्रपाळीच्या सिस्टरला नीट दाखवून ठेवावं लागतं. वायलमध्ये १२ मिलिलिटर निर्जंतुक पाणी घालायचं आणि लगेच, अर्धा मिनिट, जोरात हलवायचं. हलक्या हाताने फिरवलं तर गुठळ्या राहतात. मग पिवळसर द्रव ५ मायक्रॉनच्या फिल्टरमधून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्ये सोडायचा. सलाइनमध्ये कधीही नाही, साका बसतो. त्याच नळीतून आधी सलाइन गेलं असेल तर नळी डेक्स्ट्रोजने धुवून घ्यायची. पण औषधाआधी वेगळं अर्धा लिटर सलाइन देणं मात्र आवश्यक, कारण शरीरात पाणी आणि मीठ पुरेसं असलं की किडनीला धक्का कमी बसतो. म्हणजे एकाच रुग्णाला एका तासाला सलाइन हवं आणि पुढच्या तासाला त्याच नळीत ते चालत नाही. गोंधळ इथेच होतात. आम्ही पलंगाच्या उशाशी कागद चिकटवला: 'आधी सलाइन. मग नळी धुणे. मग पिवळं.' डेक्स्ट्रोजची साखर इन्सुलिनच्या पंपात धरली होती.

प्रतिकार दाबणाऱ्या औषधांचं काय करायचं, यावर वॉर्डात बरीच चर्चा झाली. मायकोफेनोलेट ताबडतोब बंद. (मायकोफेनोलिक ॲसिड मुळात पेनिसिलियम या बुरशीतून मिळालं. बुरशीने दिलेलं औषध थांबवून बुरशीशी लढायचं, अशी ही तऱ्हा. टॅक्रोलिमस आणि ॲम्फोटेरिसिन या दोघांचे जनक मात्र मातीतले स्ट्रेप्टोमायसिस जिवाणू, एक जपानमधल्या त्सुकुबाचा, दुसरा व्हेनेझुएलातल्या ओरिनोको नदीच्या खोऱ्यातला.) प्रेडनिसोलोन कमी केलं पण तोडलं नाही. वर्षभर स्टेरॉइड घेतलेल्या माणसाचं स्वतःचं कॉर्टिसॉल, म्हणजे शरीरात बनणारं नैसर्गिक स्टेरॉइड, झोपलेलं असतं.

वाद झाला तो टॅक्रोलिमसवर. २.९ हा आकडा बघून एका सहकाऱ्याचं म्हणणं, 'मायकोफेनोलेट बंद केलंय, निदान टॅक्रो तरी वाढवू. तीन महिन्यांपूर्वीच रिजेक्शन होऊन गेलंय.' दुसऱ्याचं म्हणणं, सगळंच बंद करा, किडनी गेली तर डायलिसिस आहे. हा दुसरा विचार क्रूर वाटला तरी खोटा नाही. यकृत किंवा हृदयाच्या रुग्णापुढे हा पर्यायच नसतो, किडनीच्या रुग्णापुढे असतो. रुग्ण हातचा जाऊ लागला तर किडनी सोडायची, हे आम्ही घरच्यांशी आधीच बोलून ठेवलं होतं. पण तशी वेळ अजून आलेली नव्हती. शिवाय टॅक्रोलिमस पेशींमधल्या ज्या कॅल्सिन्यूरिन या प्रथिनाला रोखतं, ते बुरशीलाही लागतं. प्रयोगशाळेत हे औषध काही बुरशींना आवर घालताना दिसतं. त्यामुळे तिकडीतून कुणाला शेवटपर्यंत ठेवायचं तर टॅक्रोलिमसला, हे माझं मत आहे.

डोस वाढवायलाही मी नकार दिला. रिफॅम्पिसिन बंद झालं की कामाला लागलेला विकर साधारण दोन आठवड्यांत मूळ पदावर येतो. म्हणजे डोसला हात न लावताही लेव्हल आपोआप चढणार होती. आज २.९ बघून डोस दुप्पट केला असता तर दहा दिवसांनी तोच आकडा १५ च्या घरात दिसला असता, तेही ॲम्फोटेरिसिन चालू असताना. ही दोन्ही औषधं किडनीत रक्त आणणारी बारीक धमनी आवळतात.

झालंही तसंच. आठव्या दिवशी, त्याच डोसवर, लेव्हल ७.४. क्रिएटिनिन २.६ आणि चढतं, पोटॅशियम २.८, मॅग्नेशियमही खाली. आता प्रश्न असा की हे ॲम्फोटेरिसिनमुळे, की पुन्हा रिजेक्शन? बायोप्सी करावी तर फुप्फुसातून रक्त येतंय, ऑपरेशन तोंडावर आहे. लघवीत प्रथिनं वाढली नव्हती, किडनीच्या रक्तप्रवाहाचं डॉपलर ठीक होतं, आणि पोटॅशियम-मॅग्नेशियम वाहून जाणं ही ॲम्फोटेरिसिनची सही असते. बायोप्सी न करता टॅक्रोलिमस सकाळ-संध्याकाळ २ मिलिग्रॅमवर आणलं, सलाइन वाढवलं, पोटॅशियम आणि मॅग्नेशियम शिरेतून भरलं. ॲम्फोटेरिसिनच्या डोसला हात लावला नाही. क्रिएटिनिन बघून ॲम्फोटेरिसिन निम्मं करण्याचा मोह फार होतो. त्यात बुरशीवरचा ताबा सुटतो आणि किडनीही फारशी वाचत नाही. क्रिएटिनिन ३.१ पर्यंत गेलं आणि तिथून उतरायला लागलं.

तेराव्या दिवशी शस्त्रक्रिया. डाग फुप्फुसाच्या मुळाशी, मोठ्या धमनीच्या दिशेने सरकत होता. म्युकर रक्तवाहिनीत शिरून ती बंद करतो, पुढचं ऊतक मरतं आणि मेलेल्या ऊतकात रक्तच जात नसल्याने औषधही पोचत नाही. शिवाय एखाद्या दिवशी धमनी फुटली तर हातात काही मिनिटंच असतात. छातीच्या सर्जननी उजवा वरचा खंड काढला. कापल्यावर आत मधोमध काळा, कोरडा भाग आणि कडेने लालसर पट्टा. ताप दोन दिवसांत उतरला. त्याबद्दल जास्त लिहिण्यासारखं काही नाही, हे काम चोख झालं.

'गोळी कमी करायची म्हणता?'

पाचव्या आठवड्यात, सीटी समाधानकारक दिसल्यावर, पोसाकोनाझोल या म्युकरवर चालणाऱ्या औषधाच्या गोळ्यांवर आणायचं ठरलं. पहिल्या दिवशी ३०० मिलिग्रॅम दोनदा, मग रोज ३०० एकदा, जेवणासोबत, न चावता. पोसाकोनाझोल रिफॅम्पिसिनच्या नेमकं उलट करतं, सीवायपी३ए४ ला जवळजवळ कुलूप लावतं. टॅक्रोलिमस साठत जातं. पोसाकोनाझोलच्या माहितीपत्रकातच लिहिलेलं असतं की टॅक्रोलिमस एक तृतीयांशावर आणा.

त्याआधी इतर औषधं आवरायची होती. हे गृहस्थ डिल्टियाझेम घेत होते, रक्तदाबासाठी आणि, तेही त्याच विकराला थोडं अडवत असल्याने, टॅक्रोलिमस कमी लागावं यासाठीही. भारतात ही जुनी युक्ती आहे. डिल्टियाझेम, आणि एके काळी चक्क किटोकोनाझोल ही बुरशीचीच गोळी, मुद्दाम देऊन सायक्लोस्पोरिन-टॅक्रोलिमसचा डोस उतरवायचा आणि रुग्णाचे पैसे वाचवायचे. युक्ती वाईट नाही, पण तिच्यावर पोसाकोनाझोल चढवलं की तीच अंगाशी येते. डिल्टियाझेमच्या जागी ॲम्लोडिपिन दिलं, त्याचाही डोस कमी ठेवला. कोलेस्टेरॉलच्या ॲटोर्व्हास्टॅटिनच्या जागी, या विकरावर न विसंबणारं, रोसुव्हास्टॅटिन. या बदलानंतर टॅक्रोलिमस ३.८ वर होतं.

पत्नीला सांगितलं, 'ताई, उद्यापासून टॅक्रो सकाळी अर्धा, संध्याकाळी अर्धा.'

'अर्धी गोळी?'

'अर्धा मिलिग्रॅम. पिशवीतली सगळ्यात लहान कॅप्सूल.'

त्या वहीकडे बघत राहिल्या. 'मॅडम, वर्षभर तुम्हीच सांगत आलात, एक गोळी चुकली तरी किडनी जाईल. तेव्हा सहा होत्या, मग चार केल्या, आता एक म्हणता. माझी किडनी आहे ती. नाकारली तर?'

प्रश्न रास्त होता. प्रत्यारोपणाच्या ओपीडीत आम्ही गोळ्यांच्या संख्येची भीती घालून ठेवतो. किडनीला मात्र रक्तातल्या पातळीशी कर्तव्य असतं. मी वहीत तिरका आलेख काढून दाखवला: नवी गोळी वर चढते तशी रक्तातली टॅक्रो आपोआप वर जाते, म्हणून हाताने खाली आणायची. त्यांनी विचारलं, 'आणि नवी गोळी बंद होईल तेव्हा?' हा प्रश्न बरेच निवासी डॉक्टरही विचारत नाहीत.

एक मिलिग्रॅम रोज, म्हणजे आधीच्या चौथ्या हिश्श्यावर, सातव्या दिवशी लेव्हल ८.८. अर्धा मिलिग्रॅम दिवसातून एकदाच केल्यावर ५.२. दीड महिन्यापूर्वी रोज सहा मिलिग्रॅम घेऊन २.९ असलेला हाच माणूस. पोसाकोनाझोलची स्वतःची लेव्हल १.६ आली, १ च्या वर असावी अशी अपेक्षा असते. आयसाव्हुकोनाझोल हा पर्याय होता, ते टॅक्रोलिमसला यापेक्षा कमी छेडतं. पण अनेक महिन्यांच्या खर्चाचा विचार करून पोसाकोनाझोलच घेतलं.

तिसऱ्या महिन्यात रक्तदाब चढला आणि पोटॅशियम ३.१ वर आलं. ॲम्फोटेरिसिन तर कधीच थांबलं होतं. पोसाकोनाझोल किडनीच्या डोक्यावरच्या अधिवृक्क ग्रंथीतल्या एका विकराला अडवून मीठ धरून ठेवणारी संप्रेरकं वाढवतं, हा त्याचा कमी ठाऊक असलेला दुष्परिणाम. स्पायरोनोलॅक्टोनवर दोन्ही जागेवर आले, अर्थात पोटॅशियमवर नजर ठेवून.

बंद करताना

औषध किती दिवस, याला ठरावीक उत्तर नाही. सीटीवर शिल्लक काही दिसू नये, साखर आटोक्यात असावी आणि प्रतिकार दाबणारी औषधं किमान पातळीवर असावीत, या अटी जमल्या की थांबायचं. इथे सहा महिन्यांहून थोडं जास्त लागलं. एचबीए१सी (तीनेक महिन्यांच्या साखरेचा अंदाज देणारा आकडा) ९.२ वरून ६.९ वर आलं होतं. सलग दोन सीटींमध्ये ऑपरेशनच्या खुणेपलीकडे काही नव्हतं.

पोसाकोनाझोल सुरू करताना टॅक्रोलिमस कमी करायचं हे आता बहुतेकांना ठाऊक असतं. ते बंद करताना परत वाढवायचं राहून जातं, कारण त्या दिवशी सगळे आनंदात असतात आणि पुढची तारीख महिन्याची दिली जाते. पोसाकोनाझोलचा अंमल एक-दोन आठवड्यांत उतरतो. अर्धा मिलिग्रॅम टॅक्रोलिमसवर सोडलेला रुग्ण महिन्याने येईल तेव्हा लेव्हल जवळपास शून्य आणि क्रिएटिनिन चार असू शकतं. बुरशीतून वाचवून किडनी घालवण्याचा हा हमखास मार्ग आहे.

म्हणून गोळी बंद करण्याच्या आधीच आठवड्यातून दोन लेव्हलचं वेळापत्रक वहीत लिहून दिलं. गावातून नमुना कुरिअरने जायचा, आकडा दुसऱ्या दिवशी फोनवर. चौथ्या दिवशी ४.१, डोस अर्धा-अर्धा केला. आठव्या दिवशी ३.९, एक-एक केला. पुढचा आकडा आला १३.८.

कनिष्ठ डॉक्टरने डोस निम्मा करायला सांगण्याआधी एक फोन केला, तो बरा. पत्नीने वही उघडून वाचून दाखवलं: सकाळी आठला गोळी, रक्त घ्यायला माणूस आला साडेदहाला. टॅक्रोलिमसची लेव्हल पुढच्या गोळीच्या अगोदर घ्यायची असते. गोळीनंतर अडीच तासांनी घेतलेला आकडा शिखराजवळचा असतो आणि त्यावरून काहीच ठरवता येत नाही. डोस तसाच ठेवून दुसऱ्या दिवशी सकाळी गोळीआधी पुन्हा नमुना घेतला. ५.२. त्या १३.८ वर विश्वास ठेवून डोस उतरवला असता तर, पोसाकोनाझोलचा अंमल ओसरत असताना, आठवड्याभरात लेव्हल तळाला गेली असती.

पंधराव्या दिवशी ४.४, दोन-दोन. शेवटी अडीच-अडीच मिलिग्रॅमवर ५.७ ला स्थिरावलं. डिल्टियाझेम परत सुरू केलं नाही. क्रिएटिनिन १.८, आधीच्या १.४ पेक्षा वर, पण स्थिर. मायकोफेनोलेट २५० मिलिग्रॅम दोनदा एवढंच परत आणलं आहे. ते पूर्ण डोसवर न्यायचं का, यावर आमच्यात अजून एकमत नाही. माझा कल न नेण्याकडे आहे.

चाळीचं काम भावाने घेतलं आहे, रुग्ण स्वतः बाजार समितीतल्या दरांचे फोन सांभाळतो. मधे जांघेत गजकर्ण उठलं. आपल्याकडे सध्या गजकर्णाला इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल सरसकट दिल्या जातात, मेडिकलमधून चिठ्ठीशिवायही मिळतात. इट्राकोनाझोलही त्याच विकराला कुलूप लावतं. चिठ्ठी हातात पडल्यावर पत्नीने दुकानातूनच फोन केला, 'मॅडम, नावाच्या शेवटी कोनाझोल आहे. हे पहिल्यासारखंच ना?' कॅप्सूल घेऊ दिल्या नाहीत. लावायला टर्बिनाफिनचं मलम दिलं, लंगोटऐवजी सैल सुती चड्डी सांगितली. पुढच्या लेव्हलला ५.५.